रणगाड्याआधी बिनतारी यंत्र: हाइन्झ गुडेरियनची युद्धापूर्वीची वर्षं

दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडंफार वाचलेल्या माणसाला हाइन्झ गुडेरियन हे नाव माहीत असतं. मे १९४० मध्ये आर्डेनच्या डोंगराळ जंगलातून रणगाडे काढून, सेदांपाशी म्यूज नदी ओलांडून आठवडाभरात इंग्लिश खाडी गाठणारा तो जर्मन जनरल. त्या मोहिमेवर भरपूर लिहिलं गेलं आहे. तिच्याआधीची तीस-बत्तीस वर्षं मात्र बहुतेक ठिकाणी दोन परिच्छेदांत उरकली जातात. मला तोच काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. पराभूत आणि रणगाडे बाळगायची बंदी असलेल्या देशात रणगाड्यांचं सैन्य उभं कसं राहिलं, या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्षांत आहे.

आणि ते उत्तर थोडं अनपेक्षित आहे. गुडेरियननं पहिल्या महायुद्धात रणगाडा चालवला नव्हता. युद्धानंतरची दहा वर्षंही त्याचा रणगाड्याशी संबंध पुस्तकातूनच होता. प्रत्यक्ष रणगाड्यात तो पहिल्यांदा बसला तो १९२९ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, आणि तोही परदेशात. तोवर त्याच्या वाट्याला आलं होतं बिनतारी खातं, मालवाहू ट्रकांचं खातं आणि शिक्षकाची नोकरी. माझं म्हणणं असं, की रणगाड्यांबद्दल त्याला जे सुचलं ते या आडबाजूच्या नेमणुकांतूनच सुचलं.

कैसरच्या काळात अधिकारी कसा घडायचा

गुडेरियनचा जन्म १७ जून १८८८ चा, विस्तुला नदीकाठच्या कुल्म गावातला. ते गाव तेव्हा प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव खेल्मनो. वडील फ्रीडरिख लष्करी अधिकारी, त्यामुळे बिऱ्हाड बदलीच्या गावी. मुलगा बारा वर्षांचा होता तेव्हा वडिलांची नेमणूक लोरेनमधल्या एका छोट्या गावात होती आणि तिथे पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून १९०१ मध्ये त्याला कार्ल्सरूऽच्या लष्करी छात्रशाळेत घातलं. दोन वर्षांनी तो बर्लिनजवळच्या ग्रोस-लिश्टरफेल्डऽ इथल्या मुख्य छात्रशाळेत गेला.

त्या काळच्या जर्मनीत अधिकारी व्हायचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे लहान वयात छात्रशाळेत जाणं. दुसरा, साध्या शाळेतून शिकून थेट एखाद्या रेजिमेंटकडे अर्ज करणं. दोन्ही वाटा पुढे एकत्र येत. उमेदवार आधी रेजिमेंटमध्ये सैनिकांबरोबर काम करी, मग काही महिने ‘युद्धशाळे’त शिके, परीक्षा देई. तरीही तो आपोआप लेफ्टनंट होत नसे. रेजिमेंटमधले अधिकारी मत देऊन ठरवत, की हा आपल्यात शोभेल का. घराणं, वागणूक, पैशाची बाजू, सगळं पाहिलं जाई. लग्नालाही वरिष्ठांची परवानगी लागे आणि संसार चालवण्याइतकी ऐपत आहे हे दाखवावं लागे. थोडक्यात, हा अधिकारीवर्ग स्वतःची भरती स्वतःच करत होता. पुढे लोकशाही सरकार आलं तरी हा वर्ग फारसा बदलला नाही, त्याचं एक मोठं कारण ही पद्धत आहे.

फेब्रुवारी १९०७ मध्ये गुडेरियन दहाव्या हॅनोवेरियन येगर बटालियनमध्ये रुजू झाला. येगर म्हणजे हलकं, चपळ पायदळ. मूळचे शिकारी-वनरक्षकांतून उभे राहिलेले नेमबाज. बटालियनचा तळ फ्रेंच सीमेजवळ बिच इथे होता आणि तिचे कमांडर होते खुद्द त्याचे वडील. मेट्झच्या युद्धशाळेतला अभ्यासक्रम संपवून जानेवारी १९०८ मध्ये तो लेफ्टनंट झाला. पुढच्या वर्षी बटालियन हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी गोस्लार इथे हलली.

१९१२ मध्ये त्याच्यापुढे एक निवड आली. काही काळ दुसऱ्या शाखेत जाऊन तांत्रिक काम शिकायचं होतं, आणि पर्याय होते मशीनगन किंवा बिनतारी. वडिलांनी बिनतारीचा सल्ला दिला. तरुण लेफ्टनंट कोब्लेंझच्या तिसऱ्या टेलिग्राफ बटालियनमध्ये वर्षभर राहिला. त्या वेळी सैन्यातला मान घोडदळाला आणि नामांकित पायदळ रेजिमेंटांना होता. तारा, खांब आणि बॅटऱ्यांशी खटपट करणारे लोक प्रतिष्ठेच्या उतरंडीत खाली होते.

१ ऑक्टोबर १९१३ ला त्यानं मार्गारेटऽ ग्योर्नऽ हिच्याशी लग्न केलं. त्याच सुमारास बर्लिनच्या युद्ध अकादमीत त्याचं शिक्षण सुरू झालं. ही अकादमी म्हणजे जनरल स्टाफचं दार. जनरल स्टाफ हा शब्द पुढे वारंवार येणार आहे, तेव्हा इथेच सांगतो. सैन्याची आखणी, हालचाली, रसद, नकाशे, शत्रूची माहिती हे सगळं सांभाळणारा हा निवडक अधिकाऱ्यांचा गट. कठीण प्रवेशपरीक्षा, तीन वर्षांचा अभ्यास आणि त्यातूनही थोडेच शेवटपर्यंत टिकत. टिकलेल्यांच्या विजारीच्या बाजूला किरमिजी पट्टे असत. रस्त्यावरचा साधा शिपाईही ते लांबून ओळखत असे. गुडेरियनचं पहिलं वर्ष संपता संपता ऑगस्ट १९१४ उजाडला आणि अकादमी बंद झाली.

मार्नच्या काठी बिनतारीवाला

युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत गुडेरियनकडे पाचव्या घोडदळ डिव्हिजनबरोबरचं एक जड बिनतारी केंद्र होतं. आज वॉकीटॉकी म्हटलं की हातात मावणारी वस्तू आठवते. तेव्हाचं केंद्र घोडागाड्यांवर लादलेलं असे. मुक्काम करायचा, मोठा खांब उभारायचा, यंत्रं जोडायची, संदेश पाठवायचे आणि पुन्हा सगळं गुंडाळून घोडदळामागे धावायचं. एवढं करूनही सेनापतींना या यंत्राचा उपयोग नीट कळलेला नव्हता. काही संदेश सांकेतिक भाषेत न घालताच पाठवले गेले आणि फ्रेंचांनी ते ऐकले.

सप्टेंबर १९१४ मध्ये मार्न नदीवर जर्मन आक्रमण थांबलं. त्यामागची कारणं अनेक, पण एक चित्र डोळ्यांपुढे आणा. सर्वोच्च मुख्यालय लक्झेंबर्गमध्ये. उजव्या बगलेवरचं सैन्य शेकडो किलोमीटर पुढे. त्यांच्याशी नीट संपर्क नाही. शेवटी मुख्यालयानं लेफ्टनंट कर्नल हेंट्श या अधिकाऱ्याला मोटारीत बसवून पुढे पाठवलं. तो एकेका सेनेच्या मुख्यालयात जाऊन परिस्थिती पाहत गेला आणि त्याच्या फेरीतून माघारीचा निर्णय झाला. लाखो माणसांच्या सैन्याची दिशा एका मोटारीतल्या एका माणसाच्या अंदाजावर ठरली. गुडेरियन त्या वेळी त्याच बगलेवर, घोडदळाबरोबर होता. पुढे त्यानं बिनतारीचा जो आग्रह आयुष्यभर धरला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

बाकीचं युद्ध त्यानं बहुतेक वेगवेगळ्या मुख्यालयांत काढलं, त्यात व्हर्दंच्या लढाईचाही काळ होता. १९१८ च्या सुरुवातीला सेदांमध्ये जनरल स्टाफचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करून त्यानं ते किरमिजी पट्टे मिळवले. रणगाड्यांच्या लढाया तो लांबूनच ऐकत होता. जर्मनीनं स्वतःचे ए-७-व्ही जातीचे रणगाडे जेमतेम वीस बनवले. ब्रिटिशांनी एकट्या कांब्रेच्या लढाईत, २० नोव्हेंबर १९१७ ला, चारशेहून जास्त आणले.

तह, बंदी आणि बाल्टिकमधली अवज्ञा

१९१९ च्या व्हर्सायच्या तहानं जर्मन सैन्याला एक लाखाची मर्यादा घातली. त्यात अधिकारी फक्त ४,०००. रणगाडे, लष्करी विमानं, पाणबुड्या, विषारी वायू, सगळ्यावर बंदी. जनरल स्टाफ बरखास्त, युद्ध अकादमी बंद. साध्या सैनिकाला बारा वर्षं आणि अधिकाऱ्याला पंचवीस वर्षं नोकरी सक्तीची, म्हणजे प्रशिक्षण देऊन माणसं पटापट घरी पाठवायची आणि राखीव फौज साठवायची ही पळवाटही बंद.

या चार हजारांत जागा मिळणं सोपं नव्हतं आणि गुडेरियननं ती जवळजवळ घालवली होती. १९१९ मध्ये त्याला लाटव्हियात लढणाऱ्या ‘आयर्न डिव्हिजन’ या तुकडीच्या मुख्यालयात पाठवलं गेलं. सरकारी फौज कमी आणि स्वयंसेवक टोळी जास्त असं तिचं स्वरूप होतं, आणि त्या मोहिमेत बाल्टिक प्रदेशात मोठे अत्याचार झाले. बर्लिननं परत या म्हणून आदेश दिला तेव्हा डिव्हिजनच्या नेत्यानं तो धुडकावला, आणि वरिष्ठांनी लक्ष ठेवायला पाठवलेला गुडेरियन त्याच्याच बाजूनं उभा राहिला. त्याला परत बोलावण्यात आलं आणि जनरल स्टाफच्या कामातून काढून गोस्लारच्या जुन्या बटालियनमध्ये कंपनी कमांडर म्हणून बसवलं. हा प्रसंग त्याच्या चरित्रांत नेहमी येतो आणि यायलाच हवा. लोकशाही सरकारचा आदेश आपल्याला पटला नाही तर मोडता येतो, ही समजूत त्या पिढीच्या अनेक अधिकाऱ्यांत होती. पुढे त्याची किंमत जर्मनीनं आणि जगानं मोजली.

मालवाहू ट्रकांच्या खात्यात

१९२२ च्या सुरुवातीला त्याला बर्लिनहून निरोप आला: मोटार वाहतूक खात्यात रुजू व्हा. त्याआधी काही महिने म्युनिकच्या सातव्या बव्हेरियन मोटार वाहतूक बटालियनमध्ये काम शिकायचं होतं. तिथल्या कमांडरचं नाव मेजर ओस्वाल्ड लुट्झ. हे नाव लक्षात ठेवा.

गुडेरियनला वाटलं होतं, मोटारीतून सैन्य हलवण्याच्या डावपेचांवर काम करायला मिळेल. खात्याचे प्रमुख जनरल फॉन चिशविट्झ यांनी त्याच्या हातात दिलं वर्कशॉप, पेट्रोलचे साठे, इमारती आणि कारकुनी. त्यानं परत गोस्लारला पाठवा अशी विनंती केली, ती मान्य झाली नाही. मग तो निमूटपणे इंधन, टायर, सुटे भाग, दुरुस्ती यांचा हिशेब शिकला. एकदा त्यानं चिशविट्झनंतरच्या प्रमुखांना, कर्नल फॉन नात्समर यांना सांगितलं की या वाहतूक तुकड्यांतून एक दिवस लढाऊ तुकड्या घडाव्यात. उत्तर मिळालं की लढाईचं सोडा, तुम्ही पीठ वाहायचं. पुढे त्यानं आपल्या आठवणींत हे नोंदवून ठेवलं आहे.

पीठ वाहण्याच्या खात्यातच तो रणगाड्यांबद्दल वाचायला लागला. ब्रिटिशांत फुलर, लिडेल हार्ट, मार्टेल ही मंडळी लिहीत होती. जर्मनीतही लेफ्टनंट एर्न्स्ट फोल्कहाइम हा अधिकारी होता, ज्यानं १९१८ मध्ये खरोखर रणगाड्यात बसून लढाई पाहिली होती आणि त्यावर सविस्तर लेखन केलं होतं. गुडेरियन स्वतः लष्करी साप्ताहिकात लेख लिहू लागला. रणगाडेच नसलेल्या देशात या विषयावर लिहिणारे इतके थोडे होते की तो लवकरच जाणकार गणला जाऊ लागला.

१९२४ ते १९२७ तो श्टेटीन इथे डावपेच आणि युद्धेतिहास शिकवत होता. युद्ध अकादमीवर बंदी होती, म्हणून जर्मनांनी तेच शिक्षण वेगवेगळ्या डिव्हिजनांत विखरून ठेवलं आणि विद्यार्थ्यांना ‘नेत्याचे मदतनीस’ असं साधं नाव दिलं. जनरल स्टाफचंही तसंच. तो बर्लिनमध्ये ‘ट्रुप्पनाम्ट’, म्हणजे सैन्य कार्यालय, या पाटीखाली चालू होता. श्टेटीनमध्ये गुडेरियन नेपोलियनची १८०६ ची मोहीम आणि १९१४ मधलं घोडदळाचं काम शिकवायचा. दोन्ही विषय वेगाचे आहेत: एकात वेग साधला, दुसऱ्यात हुकला.

मूळ कल्पना काय होती

आता गाभ्याकडे येऊ. कांब्रेला ब्रिटिश रणगाड्यांनी एका दिवसात जर्मन खंदकांची फळी फोडली. मग काय झालं? दहा दिवसांनी जर्मनांनी प्रतिहल्ला करून बरीचशी जमीन परत घेतली. भगदाड पडलं होतं, पण त्यातून आत घुसणारं कुणी नव्हतं. पायदळ चालत होतं, तोफा घोड्यांनी ओढायच्या होत्या, घोडदळ मशीनगनपुढे टिकत नव्हतं आणि रणगाडेही तासाला सहा किलोमीटरच्या वर जात नव्हते व वाटेत बंद पडत होते.

यातून सैन्यांनी दोन धडे घेतले. पहिला, फ्रान्समध्ये जास्त रुजलेला: रणगाडा पायदळाचा सोबती आहे, त्यानं पायदळाच्या चालीनं पुढे जावं. दुसरा, ब्रिटनमधल्या काहींचा: रणगाड्यांनी एकट्यानं, समुद्रावरच्या आरमारासारखं लढावं. गुडेरियन १९२९ च्या सुमारास तिसऱ्या ठिकाणी पोहोचला. वारीत दिंडीचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या वारकऱ्याचा असतो. सैन्याचंही तेच आहे. म्हणून रणगाड्याला पायदळाच्या वेगावर आणू नका, पायदळ, तोफखाना, पूल बांधणारे इंजिनिअर, संदेशवाहक, इंधनाचे टँकर, दुरुस्तीच्या गाड्या या सगळ्यांना रणगाड्याच्या वेगावर आणा. आणि हे सगळं कायम एकाच डिव्हिजनमध्ये, एकाच कमांडरखाली ठेवा. ‘पान्झर डिव्हिजन’ म्हणजे हेच. बऱ्याच जणांना वाटतं ती नुसती रणगाड्यांची फौज. प्रत्यक्षात तिच्यातली बहुतेक माणसं रणगाड्यात बसलेली नसतात.

या कल्पनेतले दोन भाग पाहा. इंधन, सुटे भाग, दुरुस्ती: हे त्या नावडत्या वाहतूक खात्यातून आलेलं. दुसरा भाग बिनतारीचा. इतक्या वेगानं पांगणाऱ्या फौजेला आदेश कसे द्यायचे? घोडेस्वार पाठवून जमणार नाही, टेलिफोनची तार मागे ओढून जमणार नाही. प्रत्येक रणगाड्यात निदान संदेश ऐकण्याची सोय हवी आणि कमांडरनं मागच्या वाड्यात न बसता पुढे, बिनतारी लावलेल्या गाडीतून फिरायला हवं. कोब्लेंझची एक वर्षाची शिकवणी इथे कामी आली.

तिचा परिणाम रणगाड्याच्या रचनेतही दिसतो. पुढे बनलेल्या पान्झर-३ आणि पान्झर-४ मध्ये पाच माणसं असत: चालक, बिनतारीवाला, तोफ भरणारा, नेम धरणारा आणि कमांडर. कमांडरला दुसरं काम नाही. त्यानं बाहेर बघायचं, ऐकायचं, बोलायचं. गळ्याला लावलेल्या मायक्रोफोनमधून तो इंजिनाच्या आवाजातही आपल्या माणसांशी बोलू शके. त्याच काळातल्या अनेक फ्रेंच रणगाड्यांत वरच्या मनोऱ्यात एकच माणूस होता. त्यानंच तोफ भरायची, नेम धरायचा, डागायची आणि रणगाड्याचं नेतृत्वही करायचं. त्यांचं चिलखत जर्मनांपेक्षा जाड होतं. पण आतला माणूस इतका गुंतलेला असे की आजूबाजूला काय चाललंय ते पाहायला त्याला उसंत नव्हती.

तोफेवरून वाद झाला तो असा. लुट्झ आणि गुडेरियनना पान्झर-३ वर ५० मिलिमीटरची तोफ हवी होती. शस्त्रास्त्र खातं म्हणालं, पायदळाकडे ३७ मिलिमीटरची आहे, दारूगोळा एकच राहील, तीच लावा. शेवटी ३७ चीच लागली. मात्र मनोरा ज्या कड्यावर फिरतो ते कडं मोठ्या तोफेला पुरेल एवढं रुंद ठेवायचं ठरलं. युद्ध सुरू झाल्यावर त्या कड्यामुळेच ५० मिलिमीटरची तोफ बसवता आली. कारखान्यातल्या नकाशावरची एक रेघ, पण तिचा फायदा वर्षानुवर्षं मिळाला.

कापडी रणगाडे

१९२९ मध्ये गुडेरियन चार आठवडे स्वीडनला गेला आणि तिथल्या रणगाडा तुकडीत पहिल्यांदा रणगाडा चालवला. तो स्वीडिश एम-२१ खरं तर जर्मन वंशाचाच होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला जर्मनीत तयार होत असलेल्या हलक्या रणगाड्याचे भाग युद्धानंतर गुपचूप स्वीडनला विकले गेले आणि तिथे जोडले गेले. आपल्याच देशाचं यंत्र बघायला त्याला बाल्टिक समुद्र ओलांडावा लागला. त्याच काळात रशियात कझानजवळ ‘कामा’ नावाची गुप्त शाळा चालू होती. १९२९ ते १९३३ तिथे जर्मन अधिकारी रणगाड्यांवर शिकत आणि जर्मन कंपन्यांचे नमुने तपासले जात. कागदोपत्री ते ‘ट्रॅक्टर’ होते. पुढे पान्झर-१ सुद्धा ‘शेतीचा ट्रॅक्टर’ म्हणूनच कारखान्यांकडे मागवला गेला.

फेब्रुवारी १९३० मध्ये गुडेरियनला बर्लिनच्या लांकविट्झ भागातली तिसरी प्रशियन मोटार वाहतूक बटालियन मिळाली. त्यानं तिचं रूप बदललं. एका कंपनीला जुन्या चिलखती गाड्या, एकीला मोटारसायकली, एकीला रणगाडाविरोधी तोफा आणि एकीला रणगाडे. यातल्या तोफा लाकडी होत्या आणि रणगाडे म्हणजे मोटारीवर बसवलेले सांगाडे. सरावात पायदळाचे शिपाई त्यांना दगड मारत, संगिनीनं टोचत. शाळकरी मुलं आत काय आहे ते बघायला कापडी भिंतीत पेन्सिली खुपसत. १९३२ च्या सरावात पहिल्यांदा ट्रकच्या सांगाड्यावर खरे पोलादी पत्रे लावलेल्या गाड्या आल्या आणि पेन्सिली आत जाईनात, मुलं हिरमुसली. हे वर्णन गुडेरियनचंच आहे, आणि मला ते सगळ्या आकडेवारीपेक्षा बोलकं वाटतं. सात वर्षांनी याच सैन्यानं पोलंडमध्ये पाऊल ठेवलं.

वरिष्ठांचा विश्वास फार नव्हता. खात्याचे तेव्हाचे प्रमुख ओटो फॉन श्टुल्पनागेल यांनी निवृत्त होताना त्याला सांगितलं, की तुझ्या किंवा माझ्या हयातीत जर्मन रणगाडे धावताना दिसणार नाहीत. त्यांच्या जागी १९३१ मध्ये आले लुट्झ, आणि त्यांनी गुडेरियनला आपला चीफ ऑफ स्टाफ केलं. इथून चक्र फिरलं. लुट्झकडे अनुभव होता, वरच्या वर्तुळात वजन होतं आणि भांडण न करता काम करून घ्यायची हातोटी होती. गुडेरियनकडे लेखणी, जीभ आणि तडफ होती, पण तो माणसं दुखवायचा. दोघांची जोडी जमली.

हिटलर आला तेव्हा

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सलर झाला. कुमर्सडॉर्फच्या चाचणी मैदानावर गुडेरियनला अर्धा तास मिळाला. त्यानं मोटारसायकली, रणगाडाविरोधी तोफा, छोटे रणगाडे आणि चिलखती गाड्या पळवून दाखवल्या. हिटलर हेच मला हवंय असं पुन्हा पुन्हा म्हणाला, असं तो लिहितो. बऱ्याच अधिकाऱ्यांप्रमाणे त्यानं नव्या सत्तेचं स्वागतच केलं. तहाची बंधनं जाणार, पैसा येणार, बढत्या होणार, एवढं त्याला पुरेसं होतं. ऑगस्ट १९३४ मध्ये सगळ्या सैन्यानं हिटलरच्या नावानं व्यक्तिगत शपथ घेतली, त्यानंही घेतली. यंत्रावर, वेगावर इतका बारकाईनं विचार करणाऱ्या या माणसानं ते यंत्र कुणाच्या हातात जातंय याचा तेवढा विचार केला नाही. हे त्याच्या बाजूनं झालेलं अजाणतेपण म्हणून सोडून देता येत नाही. पुढे १९४३ मध्ये त्यानं हिटलरकडून मोठी जमीनजहागीर भेट घेतली, आणि १९४४ मध्ये हिटलरला मारण्याचा कट फसल्यानंतर अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून फाशीच्या वाटेवर पाठवणाऱ्या ‘सन्मान न्यायालया’तही तो बसला.

१५ ऑक्टोबर १९३५ ला पहिल्या तीन पान्झर डिव्हिजन उभ्या राहिल्या: पहिली वायमारला, दुसरी व्युर्ट्सबुर्गला, तिसरी बर्लिनला. दुसरी गुडेरियनकडे होती, जरी तो तेव्हा फक्त कर्नल होता. रणगाडे मुख्यत्वे पान्झर-१: दोन माणसं, दोन मशीनगन, साडेपाच टनांच्या आसपास वजन, तोफ नाहीच. १९३६-३७ च्या हिवाळ्यात लुट्झच्या सांगण्यावरून त्यानं ‘आख्टुंग पान्झर’ हे पुस्तक लिहिलं. ते १९३७ मध्ये आलं आणि त्याचं नाव सैन्याबाहेरही पोहोचलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. या सगळ्या वर्षांची जी कहाणी जगभर फिरते, तिचा मोठा भाग गुडेरियननं युद्धानंतर, १९५० च्या सुमारास लिहिलेल्या आठवणींतून आलेला आहे. त्यात तो दूरदृष्टीचा एकटा शिलेदार आणि भोवती झापडबंद वरिष्ठ. सैन्याच्या जनरल स्टाफचे तेव्हाचे प्रमुख लुडविग बेक तर रणगाड्यांचे शत्रूच वाटावेत. इतिहासकारांनी नंतर कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं की बेक सावध होते, पण पान्झर डिव्हिजनना त्यांचा विरोध नव्हता. मोठ्या रणगाडा तुकड्यांचा अभ्यास त्यांच्याच कार्यालयात झाला. लुट्झचा वाटाही त्या पुस्तकात आहे त्याहून बराच मोठा होता. १९५२ च्या इंग्रजी आवृत्तीत लिडेल हार्टचं ऋण मानणारा एक परिच्छेद आहे, जो मूळ जर्मन आवृत्तीत नाही. तो लिडेल हार्टच्याच विनंतीवरून घातला गेला, हे पुढे उजेडात आलं. म्हणून या काळातले त्याचे किस्से मी वर वापरले ते किस्से म्हणूनच घ्यावेत.

व्हिएन्नाच्या वाटेवर संपलेलं पेट्रोल

फेब्रुवारी १९३८ मध्ये हिटलरनं सैन्याच्या वरच्या फळीची मोठी उलथापालथ केली. त्यात लुट्झना घरी पाठवलं गेलं आणि त्यांच्या जागी, सोळाव्या कोअरचा (काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या फौजेचा) कमांडर म्हणून, गुडेरियन बसला.

महिन्याभरात कसोटी आली. १० मार्चला आदेश मिळाला: दुसरी पान्झर डिव्हिजन व्युर्ट्सबुर्गहून पासाऊमार्गे ऑस्ट्रियात न्या. नकाशे नव्हते, प्रवाशांसाठीच्या साध्या बेडेकर मार्गदर्शिकेवर काम भागवलं. पासाऊच्या इंधन डेपोवरच्या अधिकाऱ्याकडे या डिव्हिजनला पेट्रोल देण्याचे आदेश नव्हते आणि तो देईना. गावच्या महापौरांकडून ट्रक मिळवून इंधनाची रांग उभी केली आणि वाटेतल्या ऑस्ट्रियन पेट्रोल पंपांना दुकान उघडं ठेवायला सांगितलं. गोळी एकही झाडावी लागली नाही, रणगाड्यांना झेंडे आणि हिरव्या डहाळ्या बांधलेल्या होत्या, तरी रस्त्याच्या कडेनं बंद पडलेले रणगाडे दिसत होते. गुडेरियननं नंतर बिघाडाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आत असल्याचं म्हटलं. टीकाकारांनी त्याहून जास्त सांगितलं. १२ मार्चची मध्यरात्र उलटून १३ तारीख लागल्यावर, बर्फ पडत असताना, तो व्हिएन्नात पोहोचला.

ऑस्ट्रियाचं स्वातंत्र्य त्या दिवशी संपलं आणि तिथल्या ज्यूंवरचे अत्याचार लगेच सुरू झाले. सैन्याच्या दृष्टीनं मात्र ही कुणी अडवत नसताना झालेली रंगीत तालीम ठरली. लांब पल्ल्यावर खरी अडचण इंधनाची आणि दुरुस्तीची आहे हे उघड झालं. डिव्हिजनबरोबर इंधनाचे स्वतःचे साठे आणि फिरती दुरुस्ती पथकं वाढवण्यावर त्यानंतर भर दिला गेला. ऑक्टोबरमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सुदेतन प्रदेशात शिरताना या सुधारणा कामी आल्या.

नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याला ‘वेगवान दलांचा प्रमुख’ केलं गेलं. रणगाडे, मोटारीवरचं पायदळ आणि घोडदळ असं सगळं त्याखाली. नाव मोठं होतं, प्रत्यक्ष अधिकार थोडे होते आणि पद घ्यायला तो आधी तयारही नव्हता. ऑगस्ट १९३९ च्या चौथ्या आठवड्यात त्याला पोमेरेनियात ग्रोस-बोर्न इथे हजर व्हायला सांगितलं. तिथल्या मुख्यालयाचं कागदावरचं नाव होतं ‘पोमेरेनिया तटबंदी पथक’, जणू सीमेवर खंदक खणायचे आहेत. ते एकोणिसाव्या कोअरचं मुख्यालय होतं: एक पान्झर डिव्हिजन, दोन मोटारीवरच्या पायदळ डिव्हिजन. पान्झर डिव्हिजनच्या टेहळणी तुकडीत त्याचा धाकटा मुलगा कुर्ट लेफ्टनंट होता. १ सप्टेंबरच्या पहाटे या कोअरनं पोलंडची सीमा ओलांडली.